चौकटीचं माप

आज मी दोन्ही पायांवर सरळ चालतो. कुणाच्या उपकारात राहणं माझ्या स्वभावात नाही. मामलेदारापुढंही मी कधी मान वाकवली नाही. पण कासार आंबोलीच्या भैरू लोहाराचं नाव निघालं की माझा आवाज आपोआप खाली येतो.

सत्तावन्न साली भैरूनं लष्कराच्या लिलावातली एक मोडकी जीप बैलांनी ओढत घरी आणली. इंजिन बरं होतं, खालची चासी मात्र मधोमध पिचलेली. चासीला तो चौकट म्हणायचा. "दाराला चौकट, तशी गाडीला चौकट. ती वाकडी तर समदंच वाकडं." गाव हसलं. विळे-कोयत्यांना धार लावायचं सोडून हा गाड्या करणार!

त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याचा मेव्हणा नाथा डोंगरात पडला, तेव्हा त्याला झोळीत मुटकुळं करून खाली आणला होता. मोडलेला पाय वाटभर हलला आणि वाकडाच सांधला. भैरूला अशी गाडी हवी होती, की दुखणाईत माणूस तिच्यात ताठ निजून पुण्याला जाईल. जीप त्याला आखूड. म्हणून नवी, लांब चौकट.

कागदबिगद काही नाही. त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, भट्टीपुढची जमीन सारवून दिली आणि त्यावर भैरूनं चुन्यानं पुऱ्या मापाची चौकट आखली. मधे नाथाला निजवला. डोक्याशी एक रेघ, टाचेशी एक. तेवढ्यात मी पोचलो.

"या पुढारी! गावात तुमीच लई उंच. नाथाच्या जागी जरा निजा."

माझं टाळकं सरकलं. "जित्या माणसाचं तिरडीवानी माप घेतोस? मी काय मढं हाय?"

"आवो, मढ्याला कुटं घाई असती?" भाता ओढता ओढता सगुणाबाई म्हणाली. "गाडी जित्यालाच लागती."

मी ताडकन निघालो आणि तावातावानं दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. तिथं मी जाता-येता आपटायचोच, आणि दर खेपेला ते ठेंगणं दार बसवणाऱ्या भैरूच्या आजोबाचा उद्धार करायचो. त्या दिवशी जरा जास्तच केला.

चार महिने तो राबला. मोडीतल्या लॉरीचं लोखंड कापून, तापवलेले रिवेट ठोकून त्यानं चौकट जोडली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी दोरी धरायची, मग उलट्या कोपऱ्यांतून. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या तरच पुढचं काम. एकदा अर्ध्या बोटाचा फरक आला, तर पठ्ठ्यानं अकरा रिवेट उपटून काढले.

मी ओरडलो, "अर्ध्या बोटानं काय बुडतंय?"

"नाथाला इचारा."

दसऱ्याला गाडी निघाली. पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या भरे गावी रस्त्याच्या कामावर मी मजुरांच्या बाजूनं बोलायला उभा राहिलो, तोही खडीच्या ढिगावर. मुकादमाला शेलक्या शब्दांत झाडत असतानाच ढीग सरकला. मांडीचं हाड मोडलं.

भैरू गाडी घेऊन आला. नाथानं कमरेपासून टाचेपर्यंत बांबूच्या कांब्या आवळल्या. त्याचा फेंगडा पाय माझ्या डोळ्यांसमोरच होता. गाडी त्याच्या मापाची, आणि मी त्याच्याहून वीतभर उंच. म्हणजे पाय मुडपून जायचं आणि जन्मभर त्याच्यासारखं चालायचं. निजायला नकार मीच दिला होता. आता बोलणार कुणाला?

त्यांनी मला आत सरकवलं. डोकं पुढच्या पत्र्याला टेकलं नाही. टाच मागच्या फळीला टेकली नाही. पाय काठीसारखा सरळ.

गाडी पिरंगुटच्या पुढं आल्यावर मी विचारलं, "भैरू, नाथाची रेघ एवढी लांब कशी?"

"ती त्याच दिशी पुसली." त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. "तुमचं कपाळ आमच्या चौकटीला रोज कुटं आपटतं, ते म्या बघत नसन व्हय? तितनं जमिनीपातुर दोरी सोडली. वर टाळूपातुर चार बोटं धरली."

"आणि टाचेशी रिकामी जागा ऱ्हायलीय ती?"

"ती तुमच्या रागाची. तुमी गप पडून ऱ्हानार न्हाई, ठावं व्हतं मला."

पुण्यापर्यंत मी गप पडून राहिलो. आयुष्यात एवढा वेळ पहिल्यांदाच.