माशाच्या पोटातला समुद्र

कुल्याशआपाच्या चाकूखालून किती मासे गेले, ते तिलाही सांगता आलं नसतं. मत्स्यकेंद्रात तीस वर्षं तिने माशांची पोटं फाडली आणि आत काय सापडलं ते वहीत उतरवलं. अराल समुद्राचं पाणी हटत गेलं, तसं माशांचं ताट कसं रिकामं झालं, ते गावात सगळ्यांत आधी तिनेच पाहिलं. आधी किड्यांच्या अळ्या दिसेनाशा झाल्या, मग गोड्या पाण्यातले शंख. शेवटी पाणी इतकं खारट झालं की मासेच गेले. केंद्राला कुलूप लागलं, साहेबलोक शहरात पळाले, आपा तिथेच राहिली. सगळं गाव तिला आपा म्हणे, पोटचा मुलगासुद्धा.

तो मुलगा, बाउर्जान, या वसंतात आला तो तिला किझिलोर्दा शहरात न्यायलाच. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, बापाची नाव भंगारात जाणार होती. समुद्र परत आला तरच राहीन, असं आपा वर्षानुवर्षं म्हणत आली होती, आणि बाउर्जानने ते बोलणं बरोबर ध्यानात ठेवलं होतं. आता नवा बांध झाला होता, पाणी चढत होतं, मासेही लागत होते. पण दर माशाच्या पोटात नदीकाठच्या लव्हाळ्याचे तुकडे आणि नदीतले किडे. आपा नकाराने मान हलवायची. अरालला मिळणाऱ्या सिर नदीतून वाहून आलेला मासा हा वाटसरू. समुद्रात जेवला तरच तो समुद्राचा. तसा एकही मिळाला नव्हता, म्हणून तिच्याच शब्दाने तिला जाणं भाग होतं.

या हट्टामागे दुखरी जागा होती. पूर्वी गावाने आपल्या हाताने वाळूचा बांध घातला होता. त्याने थोडं पाणी अडलं, काही मासे परतले, तेव्हा एका साझान माशाच्या आतड्यात तिला समुद्रातच जगणाऱ्या पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा दिसला आणि तिने उतावीळपणे सांगून टाकलं, की समुद्र जिवंत झाला. गावाने मेंढा कापला. नवरा साकेनने नावेला डांबर लावलं. पण तो चुरा जुन्या, मेलेल्या शिंपल्यांचा होता, माशाने चिखलाबरोबर गिळलेला. वादळात बांध फुटला. पुढल्याच हिवाळ्यात साकेन गेला, नाव वाळूवरच राहिली. ती चूक आपाने स्वतःला कधी माफ केली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारचा ओराज भलाथोरला साझान खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. नदीच्या मुखापासून खूप आत, उघड्या पाण्यात लागलाय, म्हणाला.

"ओराजकाका, सामान बांधून झालं. आता मासे कसले दाखवता?" बाउर्जान वैतागला.

"तुझं झालं असेल. तिचं तिला विचार."

आपाने गाठोडं सोडून जुना चाकू काढला. आतडं चिरून बोटांनी हळूहळू चाचपत गेली. लव्हाळं नाही. नदीतला किडा नाही. मग पांढरा चुरा लागला. पण या वेळी तिने घाई केली नाही. चुरा बशीत घेतला, पाणी ओतलं, एकेक तुकडा निवडत बसली.

एक शिंपली अर्धीच चिरडली होती, नखाएवढी. आपाने ती चाकूच्या टोकाने उघडली. आत मांस होतं. ओलं, मऊ, ताजं. साझानने गिळली तेव्हा ती जिवंत होती.

जिथे आपाने उंट चरताना पाहिले होते, त्या खारट वाळूवर आता पाणी होतं, पाण्याखाली शिंपली जगत होती, आणि तिला शोधत मासा तळाशी गेला होता. एवढं सगळं कुणाला न विचारता, न सांगता घडून गेलं होतं. तिला ते पेलवेना. तिने बशी दोन्ही हातांत उचलून धरली.

"आपा, काय निघालं?" ओराजने विचारलं.

"जेवलाय," ती म्हणाली. "आपल्याकडे जेवलाय."

दुपारी तिने तोच साझान शिजवला. तिघं जेवायला बसले तेव्हा तिने माशाचं डोकं उचलून बाउर्जानच्या पुढ्यात ठेवलं. त्या घरात डोकं पाहुण्याला देत.

"आपा, मी कसला पाहुणा?"

"जो उद्या जाणार," आपा म्हणाली, "तो पाहुणाच की रे. जेव."