जावयाला दिलेली बंदूक

सुनेच्या डाव्या डोळ्यावरून लाल ओघळ गळ्यापर्यंत आला होता, आणि तो रंग आहे की रक्त, ते मला कळत नव्हतं. तिचा मास्क कपाळावर सरकला होता. समोर तीन पावलांवर माझे जावई उभे, बंदूक तिच्यावर रोखलेली, बोट अजून चापावर.

सुनेनं एक हात वर केला आणि खेळ थांबवला. मग एका डोळ्यानं चालत ती जावयांपाशी गेली, त्यांच्या बंदुकीच्या नळीवर गोळी अडवणारी कापडी टोपी चढवली, आणि त्यानंतरच खाली बसली. मी सत्तरी ओलांडली आहे. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

ती बंदूक जावयांना मी दिली होती.

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला आमचं कोरडवाहू रान आहे. तिथं सुनेनं पेंटबॉलचं मैदान केलं. टायर, पिंपं, मुरमाच्या गोण्या रचल्या, आणि माणसं त्यांच्या आडून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायला लागली. पैसे देऊन मार खायला कोण येणार, असं मी म्हणाले होते. पण सुट्टीच्या दिवशी वाळूजच्या कंपन्यांमधली पोरं गाड्या भरून आली. मग मी बंदुकांच्या टेबलावर बसायला लागले.

बंदुका तीन प्रकारच्या. पहिली स्प्रिंगची, हलकी, बारीक गोळीची. पोरांना आणि नवख्यांना. दुसरी हवेच्या टाकीवरची. एकदा चाप दाबला की एक गोळी. ती चार-पाच वेळा खेळलेल्याला. तिसरी बॅटरीची. तिच्यात बोट नुसतं टेकलं की गोळ्यांची रांग सुटते. ती हात बसलेल्यालाच. गोळी म्हणजे बोराएवढी, चिमटीत दाबली तरी फुटते. तीच नळीतून सुटली की मांडीवर काळेनिळे वळ उठवते. मी ते वळ पाहिलेत, अजून पटत नाही.

कोणाला कोणती द्यायची, हे सुनेनं मला शिकवलं.

"आत्या, पूर्वी खेळलात का असं विचारू नका. सगळे व्हय म्हणतात. बंदूक उचलताना बोट कुठं जातं ते बघा."

नवख्याचं बोट आधी चापावर जातं. खेळलेल्याचं बाजूला, नळीच्या दिशेनं सरळ राहतं. मी बघत गेले आणि दर वेळी तसंच निघालं. चौथी शिकलेली मी, माणसाच्या एका बोटावरून त्याला ओळखायला लागले. खरं तर मला हे नवीन नव्हतं. वीस वर्षं निंदणीच्या टोळीची मुकादम होते. बाई खुरपं कसं धरते ते बघूनच मी तिला सरी द्यायचे. नव्या बाईच्या हातात धारेचं खुरपं कधी दिलं नाही, मग ती कोणाची का सून असेना.

धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई जेवायला आले. जेवण झाल्यावर मैदान बघायला निघालो. माझा पोरगा आणि जावई खेळणार, सून पंच म्हणून आत. जाताना तिनं जावयांसाठी स्प्रिंगची बंदूक काढून ठेवली. ती बघून लेकीनं नाक मुरडलं. आमच्या ह्यांना पोराटोरांचं खेळणं देता का, म्हणाली. जावई हसले, आपण जत्रेत फुगे फोडलेले आहेत म्हणाले. धोंड्याचा जावई. ताटात त्यांना पुरणाचे धोंडे वाढले, आणि टेबलावर सगळ्यात हलकी बंदूक? मी बॅटरीची पुढं केली. त्यांनी उचलली. बोट थेट चापावर गेलं. ते मी पाहिलं, आणि तरी दिली.

आत ते पोराच्या मागं धावले. फार जवळ जाऊ नका, हे सांगायला सून टायरांच्या आडून बाहेर आली. जावई दचकले आणि बोट आवळलं गेलं. पहिल्या गोळ्यांनी मास्क हनुवटीकडून वर ढकलला, पुढची भुवईवर फुटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेची हनुवटी यंत्रावर टेकवली. शेजारच्या पडद्यावर तिचा डोळा आला, परातीएवढा. मधे काळं बीळ, भोवती तपकिरी धागे, नांगरलेल्या रानासारखे, आणि ते सगळं आपोआप आखडत होतं, पसरत होतं. एवढं काम रोज माझ्या चुलीपुढं बसून चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी उभीच राहिले. बसायला सांगितलेलं ऐकू आलं नाही.

"डोळा शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "मार भुवईच्या हाडानं घेतला."

बाहेर जावई बाकावर सुनेच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून उठले.

"मामी, चूक माझी."

"बोट तुमचं होतं," मी म्हणाले. "चूक माझी."

भुवईला तीन टाके पडले. गाडीत सुनेला मी सांगितलं की तिनं काढून ठेवलेली बंदूक बाजूला सारून मी दुसरी दिली. ती म्हणाली, "आत्या, उद्यापासून जावई येऊ द्या नाहीतर कलेक्टर. पहिल्यांदा आला की स्प्रिंगची."

तेव्हापासून तसंच देते. लाल गोळ्या आणत नाही. मागं जावई परत आले, तेव्हा स्प्रिंगची बंदूक त्यांनी स्वतःच उचलली, बोट बाजूला ठेवून.

त्या दिवशी मैदानावर आम्ही पाच जण होतो: सून, पोरगा, लेक, जावई आणि मी. पाचही जण धड आहोत. सुनेला दोन्ही डोळ्यांनी दिसतं.