तुळईवरची दोन घरं

कुंभारीण कोणाच्या घरात शिरेल ते सांगता येत नाही. बारीक कमरेची माशी ती. तोंडात ओल्या चिखलाची गोळी धरून येते, भिंतीला नाहीतर तुळईला लावते, पुन्हा जाते, पुन्हा येते. कुणाच्या वाटेला जात नाही. आमच्याकडच्या बायका म्हणतात, तिनं घरात घर बांधलं की त्या घरात पाळणा हलतो. माझ्या बाळंतपणासाठी सारवून ठेवलेल्या खोलीत ती शिरली, तेव्हा आईने खरोखरच हात जोडले.

लढाईचे दिवस होते. रॉकेलची मारामार, साखरेची मारामार, आणि त्यात मी बाळंतपणाला तिसऱ्यांदा माहेरी आलेली. आधीची दोन्ही बाळं जगली नव्हती. दुसऱ्या खेपेला तर मीही जाता जाता वाचले होते. तेव्हा दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आले म्हणून आईने दवाखान्याचं नावच टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी निघताना सांगितलं होतं की आता पुन्हा नको, हिच्या जिवाला झेपणार नाही. सासरच्यांनी मान डोलवली, आणि पुढच्या अश्विनात मी हजर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

नागपूरला महाल भागात आमचं कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. अश्विनातल्या उन्हात कवेलू तापत, मी खाटेवर पडून घामाने भिजत असे आणि आई तुळईकडे बघत उभी राही.

"पाहून राहिली का वं? अजून एक कोठी लिंपली तिनं," ती म्हणे.

मला राग यायचा. उपास नातवंडासाठी, नवस नातवंडासाठी, आता माशीदेखील नातवंडासाठी. तुला बरं वाटतंय का, असं मला कोणी विचारत नव्हतं. नाकावर राग होताच माझ्या, तो अजून आहे. पण खोटं कशाला बोलू? आई अंगणात गेली की मीही ते मातीचं घर डोळे भरून बघत असे.

मग त्याच तुळईवर, कुंभारणीच्या घराला अगदी खेटून, गांधीलमाश्या आल्या. त्यांचं पोळं कागदासारखं, करड्या रंगाचं, खाली लोंबणारं. आधी बशीएवढं होतं. झरोक्यातून त्यांची ये-जा सुरू झाली आणि बघता बघता पोळं ताटाएवढं झालं. बाबांचं इतवारीत दोरखंड आणि बारदानाचं दुकान होतं. ते संध्याकाळी आले, वर बघितलं आणि म्हणाले, "बांबूले चिंधी बांधतो, पेटवतो. पाच मिनिटाचं काम हाये."

"अन् घर पेटलं म्हंजे?" आई म्हणाली. "तिचं घर बाजूलेच हाये. हात लावायचा नाही."

"अवं, ह्या गांधीलमाश्या हायेत!"

"असू द्या. सुक्यासंगं ओलंही जळते. तिची पिल्लं उडून जाऊ द्या, मंग पाहू."

तिचा हिशेब अगदीच वेडा नव्हता. कुंभारणीची पिल्लं मोठी झाली की भोक पाडून बाहेर पडतात. घराला भोक दिसलं की ते रिकामं, मग ते पाडण्यात पाप नाही. माझे दिवस भरायला अजून अवकाश होता. तोवर मी मधल्या खोलीत झोपावं आणि त्या खोलीचं दार लोटून ठेवावं, असं ठरलं. आई रोज सकाळी दार किलकिलं करून भोक पडलं का ते बघायची आणि नाही म्हणून मान हलवायची.

बाबांना राहवलं नाही. आई विहिरीवर गेलेली पाहून ते भर दुपारी काठी घेऊन आत शिरले. उन्हात गांधीलमाशी किती तापट असते हे सगळ्या गावाला ठाऊक, फक्त त्यांना नाही. पोळ्याला काठी लागायच्या आतच एकीने त्यांची भुवई फोडली. आई परतली तेव्हा ते पडवीत बसून चुना लावत होते, आणि एक डोळा पार मिटला होता.

"काहून गेलते?" आईने विचारलं.

"पाहाले."

"पाहलं ना? आता एकाच डोळ्यानं पाहा."

मी इतकी हसले की पोटात कळ आली. त्या हसण्यानेच दुखणं ओढवलं असं आई पुढे कित्येक वर्षं म्हणत असे. ते खरं नसावं, पण दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी माझ्या कळा सुरू झाल्या.

सुईण आली. मला धरून त्या खोलीत नेलं. रीतीप्रमाणे तिने शेगडी पेटवली, निखाऱ्यावर ओवा आणि कडुलिंबाचा पाला टाकला. धूर सरळ वर गेला. वर आधी नुसती कुजबुज झाली, मग सगळं पोळं घुमायला लागलं. दोन माश्या खाली येऊन माझ्या खाटेभोवती फिरल्या. सुईण उठलीच.

"बाई, धुराबिगर मी बाळंतपण नाही करत. अन् ह्या खोलीत तं मी बसतच नाही."

मग दुसरीकडे कुठे नेणार? पुढे पडवी, तिला लागून रस्ता. स्वयंपाकघरात देव. मधली खोली ओलांडल्याशिवाय घरातल्या कोणाला कुठेच जाता येत नसे. मला मधल्या खोलीत परत आणून निजवलं. आई दारात उभी राहून तुळईकडे बघत होती. कुंभारणीच्या घराला अजून भोक पडलं नव्हतं. मला वाटलं, आता ही रडणार.

ती रडली नाही. तिने बाबांना बारदान मागितलं. गोधडी पाण्यात बुडवून डोक्यावरून घेतली, शेगडीत ओला पाला आणि मूठभर मिरच्या टाकल्या. धुराने आम्ही सगळे खोकायला लागलो. माश्यांचा आवाज जड झाला तशी ती स्टुलावर चढली. बाबांनी स्टूल धरलं. तिने बारदानाचं तोंड दोन्ही घरांवर मिळून दाबलं आणि तुळईला लावून विळा फिरवला. गांधीलमाश्यांचं पोळं आत पडलं. मातीचं घरही फुटून आत पडलं, ते मी मधल्या खोलीतून ऐकलं. तिने एकदाही हात थांबवला नाही. तोंड आवळून बारदान बाबांच्या हाती दिलं, आणि त्यांनी ते अंगणातल्या टाक्यात बुडवून वर पाटा ठेवला.

मला धडकी भरली. शकुन मोडला, तोही आईच्याच हाताने. सुइणीने मला पुन्हा त्या खोलीत नेलं, आणि मग कळांनी विचार करायला जागा ठेवली नाही.

दिवेलागणीला बाळ झालं. ते रडेना. सुईण त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारत होती आणि मी तिसऱ्यांदा तेच ऐकायची तयारी करत होते. आणि मग ते रडलं. असं रडलं की पडवीतून बाबांनी "झालं का वं?" म्हणून हाक मारली. माझं सगळं अंग सैल झालं. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"पोरगी हाये. घ्या नात," सुईण आईला म्हणाली आणि बाळ पुढे केलं.

आई बाळाकडे न बघता सुइणीच्या बाजूने माझ्याकडे आली. माश्यांनी तिचे दोन्ही हात असे सुजवले होते की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. त्या हातांत तिने माझा चेहरा धरला.

"तू हायेस ना वं? बोल. मले तुहा आवाज आयकू दे."

"हाव, आई," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ती खाटेच्या कडेला टेकली. नवसाच्या एवढ्या महिन्यांत तिने माझ्यासमोर कधी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, ती आता पदर तोंडात घालून रडत होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि सुइणीला म्हणाली, "आता आण तिले."