खतम मिस्त्री

पंक्चर काढून झालं, चाकात हवा भरली, की आमचे सायकल मिस्त्री हात झटकत आणि म्हणत, "खतम." चेन बसली, खतम. चहाचा कप रिकामा झाला, खतम. एखाद्याला वादात गप्प केलं, तरी तेच. त्यांचं खरं नाव इतवारीच्या बाजारात कुणाच्या लक्षात नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना खतम मिस्त्री म्हणत. आमचं भांड्यांचं दुकान समोरच असल्यामुळे माझं निम्मं बालपण त्यांच्या ऑइलच्या डब्यांशेजारी गेलं.

त्यांचं दुकान म्हणजे दोन शटरांमधली फट. आत एकच फोटो होता, जुन्या मासिकातून कापलेला. हडकुळा चेहरा, हनुवटीवर चार केसांची दाढी, शांत डोळे. नवं गिऱ्हाईक तो पाहून चप्पल काढायचं, हात जोडायचं आणि विचारायचं, "कोन्ते महाराज जी हे?" मिस्त्रींचं डोकं तिथेच सटकायचं. "महाराज नाही, माणूस हाये. व्हिएतनामचा. यानं फ्रेंच सरकारले घरी धाडलं." एका कापडवाल्याने एकदा त्या दाढीची टिंगल केली. मिस्त्रींनी त्याची सायकल, एक चाक काढलेली, तशीच रस्त्यावर नेऊन ठेवली आणि दुपारभर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तरुणपणी ते कापडगिरणीत होते. तिथल्या लाल बावट्याच्या अभ्यासवर्गात त्यांनी ती गोष्ट ऐकली. पुढे गिरणी बंद पडली, अभ्यासवर्ग बंद पडला, गोष्ट तेवढी राहिली. "डोंगरात फ्रेंचायचा किल्ला," ते सुरू करत. "इमानं त्यायच्यापाशी, तोफा त्यायच्यापाशी. अन् याच्यापाशी काय? सायकल! एका सायकलवर दोन क्विंटल तांदूळ. बसाचं नाही, ढकलाचं. हँडलले एक बांबू, सीटले एक बांबू, अन् चाल जंगलातून. हजारो माणसं." सांगता सांगता ते स्वतःच वाकून अदृश्य सायकल ढकलू लागत. शेवट ठरलेला असे. "किल्ल्यावर पांढरा झेंडा. खतम."

भिवापुरी मिरचीची पोती सायकलवरून नेणाऱ्या हमालांना त्यांनी तसेच बांबू बांधून दिले होते, उजव्या अंगाला. एखादा हमाल कुरकुरे, "डावीकडून सोपं जाते, मिस्त्री." त्यावर उत्तर तयार असे, "व्हिएतनामपेक्षा तुले जास्त समजते का गा?"

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांबरोबर मला पाठवतात. काही वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला एक सत्तरीच्या बाई आणि त्यांची मुलगी आल्या. आईला इंग्रजी येत नव्हतं, मुलीला येत होतं. इतवारीत पितळी वाटी घ्यायला गेलो आणि गर्दीत त्यांच्या बॅगेचं चाक निखळलं. मी त्यांना सवयीने मिस्त्रींकडे नेलं.

"पाव्हणे कुठले?" मिस्त्रींनी विचारलं.

"व्हिएतनामचे," मी म्हणाले.

मिस्त्री उठले. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट होते आणि त्यांना चिडू देऊ नका, असं त्यांच्या मुलाने आम्हा सगळ्यांना बजावलं होतं. त्यांनी फडक्याला हात पुसले, खिळ्यावरचा फोटो काढला आणि दोन्ही हातांनी त्या म्हाताऱ्या बाईंना दिला. आयुष्यात पहिल्यांदाच व्हिएतनामचं माणूस त्यांच्यासमोर उभं होतं. बाईंनी फोटो पाहिला आणि त्यांचं हसू गेलं. मग त्या खालच्या आवाजात बोलू लागल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. मुलीने आधी मान फिरवली, नंतर मला इंग्रजीत सगळं सांगितलं.

"काय म्हन्ते वं?"

"त्यांचे वडील सायकली ढकलणाऱ्यांत होते."

कुणी हात जोडले की भडकणाऱ्या मिस्त्रींनी स्वतः हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले. पण लगेच ते माझ्याकडे वळले. "ते इतकं बोलली. तू इतलंसंच काहून सांगितलं?"

"तेवढंच आहे, मिस्त्री."

"मले फसवू नको, पोरी. पुरं सांग."

शिकवणारी बाई मी. त्या अर्ध्या भाषांतराची मला आजही लाज वाटते. मी सांगितलं. लढाई जिंकून वडील घरी आले. पुढे गरिबांना जमिनी वाटायचं ठरलं. वडिलांची जेमतेम चार एकर भातशेती, पण कुणीतरी त्यांना जमीनदार ठरवलं. गावासमोर उभं केलं आणि गोळी घातली. ज्यांच्यासाठी सायकल ढकलली, त्यांच्याच लोकांनी. नंतर घरी कागद आला की चूक झाली.

"अन् यानं?" मिस्त्रींनी फोटोकडे बोट दाखवलं.

"सगळ्या देशासमोर चूक कबूल केली. रडले, म्हणतात. पण तोवर..."

मिस्त्रींच्या हातात पाना होता. बोटं त्यावर आवळली गेली होती, कपाळावर घाम आला होता. याहून कितीतरी लहान गोष्टीवरून त्यांनी तीस वर्षांची मैत्री तोडलेली मी पाहिली होती. आता ते बाईंना खोटं ठरवतील, हाकलतील, की छाती धरून खाली बसतील, मला कळेना. मागे हातगाडीवाला वाट मागत ओरडत होता आणि कुणी हलत नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "तिले इचार, बाप कोन्त्या अंगानं ढकलत होता?"

मुलीने आईला विचारलं. बाईंनी फोटो जपून स्टुलावर ठेवला. बाहेर एका हमालाची सायकल उभी होती. तिचा उजवीकडचा बांबू पाहून त्यांनी मान हलवली. मग त्या डावीकडे गेल्या, डावा हात लांब करून नसलेला बांबू धरल्यासारखं केलं, उजव्या हाताने सीट रेटली आणि रिकामी सायकल चार पावलं ढकलली. "पोत्यांच्या जागी आईला बसवून आजोबा अंगणात असंच फिरवायचे," मुलगी म्हणाली.

मिस्त्री खाली बसले. उजवीकडची सुतळी सोडली आणि बांबू डावीकडे बांधायला घेतला. हमालाने मदतीला पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला. गाठ ओढून घट्ट केली. मी त्या नेहमीच्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. बॅगेचं चाक बसवल्यावरही आला नाही. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार माया वाटली.

पाहुण्या गेल्यावर त्यांनी फोटो पुन्हा खिळ्याला लावला. मी विचारलं, "ठेवणार आहात?"

"काहून नाही? त्यानं देश सोडवला, हे काय खोटं हाये? पन तिचा बाप बी पायजे होता भिंतीवर. त्याचा फोटो कुठून आनू?"

यंदा मिस्त्री गेले. त्याआधी आठ दिवस मी त्यांना घरी भेटायला गेले होते. आवाज उरला नव्हता, पण मी गोष्ट मागितली तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. किल्ला झाला, तोफा झाल्या. पांघरुणातून डावा हात बाहेर काढून त्यांनी सायकल ढकलली. दम लागला, मी पाणी पाजलं, पुन्हा ढकलली. "किल्ल्यावर पांढरा झेंडा," ते म्हणाले आणि थांबले.

"खतम," लहानपणीच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे रागाने पाहिलं.

"खतम कुठं वं? सायकलवाले घरी पोचाचे हायेत अजून."