अस्वलाच्या वाटेवरच्या काकू

हिमाचलातल्या त्या जंगलवाटेवर ताजी उकरलेली माती दिसली, तसा गाइड म्हणाला, "भालू पास में है. बोलते रहो." माणसाचा आवाज आला की तपकिरी अस्वल आपणहून बाजूला होतं म्हणे. पण भीतीनं आमच्या तोंडून शब्द फुटेना.

माझ्यापुढे आमच्याच ट्रेकमधल्या, ठाण्याजवळच्या बाळकुमच्या एक काकू होत्या. नाव मी विचारलंच नव्हतं. सारखी ओढणी खोचत, मागे बघत त्या म्हणाल्या, "टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून मुलगा सांगतो, आई, हळू बोल. आता बोल म्हणतात, तर काय बोलू रे?"

मग एकदम मोठ्यानं सुरू झाल्या. विकलेली भातशेती, त्या जमिनीवरचा टॉवर, तिथे दिवसभर एकटीनं बसणं. झाडीत फांदी मोडली. काकू बोलायच्या थांबल्या नाहीत. वरच्या उतारावर एक तपकिरी पाठ हलली आणि दूर निघून गेली.

जंगल संपल्यावर गाइड म्हणाला, "अब चुप रहो तो चलेगा."

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "थांब जरा. अजून बोलायचंय मला."

आम्ही सगळे तिथेच दगडांवर बसलो.