दुमडलेलं पान

ऑपरेशनला न्यायला येईपर्यंत बाबा खाटेवर पुस्तक वाचत होते. अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातल्या उनाड पोरांची गोष्ट. शाळा बुडवणाऱ्यांना पट्टीने फोडून काढणारे हे निवृत्त मास्तर त्या पोरांवर चक्क खुदकन हसले. हे हसू आमच्या लहानपणी कुठे लपून बसलं होतं?

स्ट्रेचर आलं.

"पोरगं माळ्यावर लपलंय आणि मास्तर शिडी चढतोय," म्हणत त्यांनी पानाचा कोपरा दुमडला. पान दुमडलं म्हणून याच हातांनी मला मारलं होतं. "पुढचं मी आल्यावर वाचीन."

चार तास झाले. पुस्तक माझ्या मांडीवर आहे. पोरगं अजून माळ्यावरच आहे, आणि पान उलटायची माझी छाती होत नाही.