वैनीचा टॅक्स

रिकामी बाटली भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? दारूवरचा टॅक्स वाढल्यापासून आमच्या किन्हवलीत एवढे साठलेत, की गप बसवत नाय. आमी तिघं: मी, गुरुनाथ आणि पांडू. पांडूची बायको, सुगंधा वैनी, भाव वाढले तेव्हा नाचायचीच बाकी होती. "आता तरी याची सुटंल!"

सुटते कसली!

पहिल्याच दिवशी शहापूरच्या दुकानात मी भडकलो. "आयला, इनकम टॅक्स मी भरत नाय, मग हा कशाला भरू?"

काउंटरवाला थंड. "दादा, तो कमावणाऱ्यांना. हा पिणाऱ्यांना!"

मग तिघांत एक क्वार्टर. गुरुनाथ ग्लासाला काडेपेटीची काडी लावून मापायचा. "तुझी अर्धी काडी जास्त हाय!" माझं डोकंच सटकलं. हात असा मारला, की तिन्ही ग्लास आडवे! पांडू मातीकडं बघत बोल्ला, "घ्या! टॅक्स भरलेली मुंग्या प्यायल्या!"

पांडू देशीवर उतरला. पण मुरबाडचे व्याही येणार, इज्जतीचा सवाल! जुन्या इंग्लिशच्या बाटलीत त्यानं देशी भरली. व्याह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "पांडूशेठ, आमच्याकडं पण ह्याच बाटलीत हीच असते!"

मग देशी पण परवडंना. पांडू हातभट्टीवर गेला. दोन दिवस डोळ्यांपुढं नुसता धूर. वैनी आधी रडली, मग पदर खोचून उठली. "टॅक्स चुकवायला आंधळा होतोस? भट्टीची बंद! प्यायची तर दुकानाची पी. पण टॅक्स मी घेणार. एका क्वार्टरला चार हंडे पाणी!"

विहीर पार टेकडीखाली. तोवर पाणी एकटी वैनीच वाहायची. पांडूचे हंडे मोजून गावाला कळायचं, काल किती झाली.

परवा शेणव्याला हळद होती. मटण, डीजे, फुकटची इंग्लिश. पांडूनं ग्लास उपडा घातला. "पोट बिघडलंय," बोल्ला. मी बाजूलाच होतो.

सकाळी विहिरीवर बघतो तर हा हंडे भरतोय. चार झाले, आठ झाले! बायका हसल्या, "भावजी, हळदीत लय झाली वाटतं?"

"लय!" पांडू मोठ्यानं बोल्ला.

मी तणतणत गेलो. "खोटारड्या, थेंब तरी प्यायलास काय?"

त्यानं माझा हात गच्च दाबला. "हळू बोल ना रे! न पिताच पाणी भरतोय कळलं, तर लोक काय बोलतील?"